टाक्यांवरची गाठ : आत आतडेच असते असे नाही

हर्निया म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जांघेतली गाठ येते. पुरुषांचे दुखणे, छोटेसे ऑपरेशन आणि दोन-चार दिवसांत घरी, एवढीच त्याची ओळख. बेंबीचा हर्निया म्हटले की तान्हे मूल आठवते. परंतु पोटाची भिंत जिथे जिथे कमकुवत होईल तिथे तिथे हर्निया होऊ शकतो, आणि त्यातून काय बाहेर डोकावेल हे त्या भिंतीमागे कोणाचा मुक्काम आहे यावर ठरते. मागे आतडे असेल तर आतडे. आतड्यांवरचा चरबीचा पडदा असेल तर तो पडदा. आणि भिंत फाटली ती जागा पोटाच्या अगदी वरच्या भागात, बरगड्यांच्या कमानीपाशी असेल, तर क्वचित यकृत. होय, यकृत! ज्याला आपण रोजच्या बोलण्यात लिव्हर म्हणतो आणि जे बरगड्यांच्या पिंजऱ्यात बंदोबस्तात बसले आहे असे शाळेच्या पुस्तकात शिकतो, तेच.

हा प्रकार अतिशय दुर्मीळ आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या सकाळी दवाखान्यासमोर पोट धरून रांग लागायची. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतून अशा रुग्णांच्या सुट्या सुट्या नोंदी येत असतात. एखाद्या सर्जनच्या अख्ख्या उमेदीत असा रुग्ण एकदा आला तरी पुष्कळ. मग या सदरात त्यावर शाई कशाला खर्च करायची, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, टाक्यांवर आलेल्या गाठीला आपल्याकडे जी वागणूक मिळते ती सारी 'आत वारा भरलाय' किंवा 'चरबी साठलीय' या समजुतीवर उभी आहे. आत यकृत असेल तर हीच वागणूक जिवावर बेतू शकते. माझे म्हणणे एवढेच आहे की, जुन्या ऑपरेशनच्या व्रणावर आलेली गाठ, आत काय आहे ते पाहिल्याशिवाय कोणी चोळू नये, दाबून आत ढकलू नये, सुईने टोचू नये आणि पट्ट्याखाली वर्षानुवर्षे झाकूनही ठेवू नये. यातले टोचण्याचे काम आमच्यातलेच लोक करतात, म्हणून हा लेख आमच्या व्यवसायबंधूंनीही वाचावा.

आधी थोडी शरीराची ओळख करून घेऊ. यकृत हा पोटातला सर्वांत मोठा भरीव अवयव. प्रौढ माणसात त्याचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो भरते. उजव्या बरगड्यांच्या आडोशाला, श्वासपटलाला खालून चिकटून ते असते. त्याचा डावा भाग मात्र मध्यरेषा ओलांडून छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली जी खळगी असते तिथपर्यंत येतो. या खळगीसमोर बरगडी नाही. तिथे फक्त स्नायूंची आणि त्यांच्या चिवट आवरणांची भिंत. यकृताला जागेवर धरून ठेवायला निसर्गाने बरेच बंध दिले आहेत. त्यांतला एक, विळ्याच्या पात्याच्या आकाराचा पातळ पडदा, यकृतापासून निघून पोटाच्या भिंतीला आतल्या बाजूने थेट बेंबीपर्यंत चिकटलेला असतो. शिवाय यकृत जड, रुंद आणि भरीव. आतड्यासारखे ते सळसळत फटीतून निसटत नाही. म्हणून यकृत बाहेर यायचे तर फट मोठी हवी, नेमकी वरच्या भागात हवी, आणि बंध सैल झालेले किंवा आधीच्या ऑपरेशनमध्ये कापलेले असावे लागतात. (पोटाच्या वरच्या भागात काम करताना सर्जनला वाट मिळावी म्हणून तो विळ्यासारखा पडदा पुष्कळदा कापावाच लागतो. त्यात गैर काही नाही.)

आता फट कशी पडते ते पाहू. पोटावर चीर देऊन केलेल्या ऑपरेशननंतर कातडी दहा-बारा दिवसांत जुळते आणि रुग्णाला वाटते, जखम भरली. खरी जखम कातडीखाली आहे. स्नायूंचे आवरण जुळून पक्के व्हायला कित्येक महिने लागतात आणि तरीही ते मूळच्या ताकदीला पूर्णपणे पोचत नाही. गव्हाचे पोते एकदा फाडून पुन्हा शिवले की धान्य भरताना ताण त्या शिवणीवरच येतो, तसेच हे आहे. त्यात जखमेत पू झाला, रुग्णाला मधुमेह असला, वजन फार असले, अंगात रक्त कमी असले, विडी-सिगारेटचा खोकला असला, तर शिवण आतून उसवते. वरची कातडी मात्र शाबूत राहते. खोकताना किंवा उठून बसताना त्या जागी फुगवटा येतो आणि आडवे झाल्यावर नाहीसा होतो. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनांपैकी साधारण दहा ते वीस टक्के रुग्णांत पुढेमागे हे घडते असे जगभरचे अनुभव सांगतात. म्हणजे टाक्यांवरचा हर्निया अजिबात दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ते त्यात यकृत सापडणे.

पोटाच्या वरच्या भागातली जुनी ऑपरेशने आठवा. फुटलेला अल्सर, चीर देऊन काढलेले पित्ताशय, अपघातानंतर काढलेली पाणथरी. दुर्बिणीची पद्धत आल्यापासून मोठ्या चिरा कमी झाल्या, पण त्याआधीच्या काळात चीर घेतलेली पिढी आज साठी-सत्तरीत आहे. यांच्या जोडीला आणखी एक गट आहे आणि त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही, तो म्हणजे हृदयाची बायपास झालेले लोक. बायपाससाठी छातीचे मधले हाड उभे कापून उघडतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. चिरेचे खालचे टोक हाडाच्या खाली पोटाच्या भिंतीत थोडे उतरते. ऑपरेशननंतर रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्याही बहुधा तिथूनच येतात. ही जागा मोठी अडचणीची. वरून हाड, दोन्ही बाजूंनी बरगड्यांची कूर्चा, आणि प्रत्येक श्वासाला श्वासपटलाची ओढ. बायपास करून घेणारा रुग्ण बहुधा उतारवयाचा, अनेकदा मधुमेही, कधी वजनदार, कधी जन्मभर तंबाखू ओढलेला. शिवण उसवायला लागणारी सगळी सामग्री एकाच माणसात जमलेली! आणि भिंतीच्या लगेच मागे काय आहे? यकृताचा डावा भाग. यकृताच्या हर्नियाच्या ज्या नोंदी आहेत त्यांत हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या नोंदी वारंवार भेटतात त्या यामुळेच.

माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. वय बासष्ट, बायपास होऊन आठ-नऊ वर्षे झालेली. आल्या होत्या खोकल्यासाठी. छाती तपासताना पदराखाली छातीच्या हाडाच्या खाली पालथ्या वाटीएवढा फुगवटा दिसला. विचारले, "आजी, हे कधीपासून?" त्या म्हणाल्या, "ते व्हय? तीन वर्सं झाली. दुखत न्हाई डॉक्टर, नुसतं हाय." सूनबाईंनी पुढची हकीकत सांगितली. आधी अंड्याएवढे होते. गावातल्या एका बाईने 'गोळा सरकलाय' म्हणून तेल लावून सात दिवस चोळले. मग मेडिकलमधून पट्टा आणला. मग एका ठिकाणी 'चरबीची गाठ दिसते, सुई घालून पाणी काढून तपासू' असे सांगण्यात आले. पण त्या दिवशी घरी पाहुणे येणार होते, म्हणून आजी उठून निघून आल्या. त्या पाहुण्यांचे उपकार मानले पाहिजेत.

हाताला ती गाठ मऊ नव्हती. आतड्याचा हर्निया दाबला की गुडगुड वाजतो आणि बोटावर बोट ठोकले की पोकळ आवाज देतो. चरबीचा पडदा असेल तर मळलेल्या कणकेसारखा लागतो. ही गाठ घट्ट होती, तिला कड होती, आवाज बद्द होता, आणि आजींनी श्वास आत घेतला की ती खाली सरकत होती. श्वासाबरोबर सरकते ते श्वासपटलाला चिकटलेले काहीतरी असणार, एवढे गणित कोणत्याही डॉक्टरला मांडता येईल. त्यासाठी मोठी डिग्री लागत नाही, रुग्णाला टेबलावर आडवे करून पोट उघडे करण्याचा धीर लागतो. आपल्या ओपीडीत सध्या हाच धीर महाग झाला आहे. बाह्या वर करून रक्तदाब मोजला जातो, पदर मात्र जागच्या जागी राहतो. स्त्री-रुग्णाला संकोच असतो आणि डॉक्टरला घाई असते. घरातली बाई शेजारी उभी करून दोन मिनिटे तपासले तर संकोचही जातो.

सोनोग्राफीत गाठीतला भाग आणि आतले यकृत एकसलग दिसले. सी. टी. स्कॅनमध्ये फट किती रुंद आहे, यकृताचा किती भाग बाहेर आला आहे, बरोबर आतडे आहे का, हे सारे स्पष्ट झाले. गाठ टोचली गेली असती तर काय झाले असते? यकृत म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंज. मटणाच्या दुकानातली कलेजी ज्यांनी हाताळली आहे त्यांना ठाऊक आहे की ती नखानेही फाटते. रुग्ण बायपासचा, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू. अशा माणसाच्या यकृताला अंदाजाने टोचलेली सुई पोटात किती रक्तस्राव करील सांगता येत नाही. (यकृताची सुईने तपासणी आवश्यक असते तेव्हा ती जरूर करतात, पण यंत्रावर पाहत, रक्त गोठण्याची तपासणी करून आणि कारण असेल तरच.) आत आतडे असते तर त्याला भोक पडले असते, तो वेगळाच अनर्थ. चोळण्याचेही तसेच. अरुंद फटीतून आलेले यकृत जोराने आत रेटले तर फाटू शकते. आजींच्या बाबतीत तसे झाले नाही, तो त्यांच्या नशिबाचा भाग.

अशी गाठ वर्षानुवर्षे त्रास देत नाही हे खरे आहे. आजी खोटे सांगत नव्हत्या. काहींना जेवल्यावर पोटाच्या वरच्या भागात जडपणा वाटतो, काहींना ओढ लागल्यासारखे दुखते, मळमळते. पण फटीच्या गळ्यात यकृताचा तुकडा आवळला गेला तर प्रकरण बदलते. त्यातून परत जाणारे रक्त अडते, तुकडा सुजतो, सुजल्यामुळे आणखी आवळतो. गाठ एकाएकी मोठी, टणक आणि स्पर्शालाही असह्य होते, रक्ततपासणीत यकृताचे आकडे चढतात, उलट्या होतात, क्वचित कावीळही दिसते. या वेळी घरी थांबायचे नाही. वरची कातडी लाल किंवा काळपट होणे, ताप, पोट फुगून शौच आणि वारा बंद होणे, आडवे झाल्यावर नेहमी आत जाणारी गाठ आज आत न जाणे, यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी, पोटाची सर्जरी जिथे होते अशा रुग्णालयात पोचायचे. वाटेत चहा नाही, पाणी नाही, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. १०८ ची गाडी यासाठीच आहे.

मग प्रत्येक अशा गाठीचे ऑपरेशन करायलाच हवे का? इथे माझे मत थोडे सावध आहे. यकृत बाहेर आले म्हणजे धावतपळत टेबलावर घ्या, असे कोणीही जाणता सर्जन म्हणणार नाही. फट रुंद आहे, त्रास नाही, रुग्ण ऐंशीचा आहे आणि हृदय अर्ध्या ताकदीने चालते आहे, तर नुसते लक्ष ठेवणे हाही शास्त्रशुद्ध निर्णय असतो. उलट फट अरुंद आहे, गाठ वाढते आहे, दुखते आहे आणि प्रकृती ऑपरेशन सोसण्याजोगी आहे, तर थांबण्यात शहाणपणा नाही. माझा आक्षेप आहे तो न पाहता घेतलेल्या निर्णयाला. तीन वर्षे आजींनी काहीही केले नाही, हा निर्णय कोणीच घेतलेला नव्हता. तो नुसता होऊन गेला होता. दुखत नाही म्हणून, मुलीचे बाळंतपण म्हणून, सोयाबीनची काढणी म्हणून. आपल्याकडच्या बायकांची दुखणी अशीच सणावारांच्या आणि सुगीच्या मागे रांगेत उभी असतात.

आजींना शहरातल्या सर्जनकडे पाठवले. त्यांनी लगेच चाकू उचलला नाही, ही मला फार आवडलेली गोष्ट. आधी खोकला बरा केला, तीन महिने साखर आटोक्यात आणली, वजन थोडे उतरवले, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचे वेळापत्रक बसवले. मग यकृत हळुवारपणे आत सरकवून स्नायूंच्या मागे जाळी बसवली. ही जाळी म्हणजे काय, असे रुग्ण नेहमी विचारतात आणि बरेचजण भितात. प्लास्टिकच्या धाग्यांनी विणलेले ते कापड असते. १९५८ साली अमेरिकेतील सर्जन फ्रान्सिस अशर यांनी अशी जाळी वापरून हर्निया दुरुस्त केल्याचे प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून ती जगभर रूढ झाली. शरीराचे तंतू तिच्या छिद्रांतून वाढतात आणि भिंत पक्की होते. नुसते टाके घातले तर काय होते याचा एक चांगला अभ्यास हॉलंडमध्ये झाला आणि २००० साली प्रसिद्ध झाला. टाक्यांवरचा हर्निया फक्त शिवलेल्यांपैकी ४३ टक्के रुग्णांत तीन वर्षांत तो पुन्हा आला. जाळी बसवलेल्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. म्हणजे जाळीही शंभर टक्के हमी नव्हे, पण दोन्हींत फरक किती आहे पाहा. छातीच्या हाडाखालच्या जागी तर काम आणखी किचकट, कारण जाळी धरून ठेवायला वरच्या बाजूला मऊ पोटच नाही, हाड आणि कूर्चा आहे. हे काम ज्याने पूर्वी केले आहे त्याच्याकडेच जावे. शिबिरात पंचवीस हर्नियांच्या यादीत हा सव्विसावा घालण्यासारखा नाही.

यानिमित्ताने सर्जन मित्रांशीही थोडे बोलतो, रागावू नये. पोट उघडताना सगळ्यांचे लक्ष असते, पोट शिवताना नसते. मुख्य काम झाले की अनुभवी हात हातमोजे उतरवतात आणि शिवणकाम नवशिक्याकडे येते, ही प्रथा मी विद्यार्थी असल्यापासून पाहत आलो आहे. दहा वर्षांनी माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरकडे जो फुगवटा येतो त्याचे बीज बहुधा त्या शेवटच्या पंधरा मिनिटांत पडलेले असते. २०१५ साली हॉलंडमधल्या दहा रुग्णालयांचा, ५६० रुग्णांचा अभ्यास 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. मधल्या चिरेने पोट उघडलेल्यांची शिवण दोन पद्धतींनी घातली. एकीत टाके मोठे आणि दूर दूर, दुसरीत बारीक आणि जवळ जवळ. वर्षभराने पहिल्या गटात २१ टक्के लोकांना हर्निया झाला होता, दुसऱ्यात १३ टक्के. महागडे यंत्र नाही, परदेशी औषध नाही. बारीक टाका आणि थोडा जास्त वेळ! चिरेच्या लांबीच्या किमान चौपट दोरा शिवणीत गेला पाहिजे, हा हिशेब तर शस्त्रक्रियाशास्त्रात चाळीस वर्षांहून जुना आहे. आपल्या आजीबाईंनी गोधडी शिवताना तो कधीच सांगितला असता.

रुग्णांनाही एक विनंती. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. "कसलं ऑपरेशन झालं होतं?" या प्रश्नाला "पोटाचं" हे उत्तर पुरत नाही. कोणती चीर, काय काढले, जखम चिघळली होती का, जाळी बसवली होती का, हे पुढच्या डॉक्टरला कळले तर निम्मे काम होते. आपल्याकडे कर्जमाफीचे कागद ट्रंकेत कुलूपबंद आणि ऑपरेशनचे कागद चुलीजवळ, अशी तऱ्हा असते.

यकृत पोटाच्या भिंतीबाहेर येण्याचा दुसरा प्रकार जन्मतःच दिसतो आणि तो तितका दुर्मीळ नाही. काही हजार जन्मांमागे एखादे बाळ असे येते की त्याच्या बेंबीच्या जागी भिंत तयारच झालेली नसते. नाळेच्या मुळाशी पातळ, चकचकीत पिशवी असते आणि तिच्यात आतडी, कधी यकृतही दिसते. गर्भ काही आठवड्यांचा असताना आतडी पोटात मावत नाहीत म्हणून ती नाळेत उतरतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत परत आत जातात, ही निसर्गाची नेहमीची रीत. यकृत मात्र कधीही त्या वाटेने बाहेर जात नाही. त्यामुळे सोनोग्राफीत ते बाहेर दिसले तर 'पुढच्या महिन्यात आत जाईल' म्हणून थांबण्यात अर्थ नसतो. अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी यासाठीच चुकवू नये. दोष आधी कळला तर बाळाचे हृदय आणि इतर अवयव तपासता येतात आणि बाळंतपण बालशल्यचिकित्सक असलेल्या ठिकाणी ठरवता येते. यात एक गमतीची गोष्ट आहे. पिशवीत यकृत असलेले बाळ दिसायला जास्त भयंकर, पण गुणसूत्रांचे दोष जास्त करून आढळतात ते ज्या लहान पिशवीत फक्त आतडी असतात त्या बाळांत. दिसण्यावरून आईला धीर किंवा भीती देऊ नये ते एवढ्यासाठी.

गावात असे बाळ अचानक जन्मले तर पिशवी फोडू नये, दाबू नये, तिच्यावर हळद, राख, तूप काहीही लावू नये. नाळ पिशवीपासून दूर अंतरावर बांधावी. निर्जंतुक गॉज कोमट सलाइनमध्ये भिजवून पिशवीवर ठेवावे, वरून स्वच्छ प्लास्टिक गुंडाळावे, बाळाला ऊबदार ठेवावे, तोंडाने काही देऊ नये आणि मोठ्या रुग्णालयात हलवावे. उघड्या पिशवीतून बाळाची ऊब आणि पाणी झपाट्याने जाते. पुढे यकृत एकदम आत कोंबले तर त्याच्या रक्तवाहिन्यांना पीळ बसतो आणि छातीवर दाब येऊन बाळाला श्वास घेता येत नाही. म्हणून मोठ्या पिशवीवर औषधाचा लेप देत महिनोन्‌महिने वाट पाहायची, तिच्यावर कातडी वाढू द्यायची आणि मूल मोठे झाल्यावर भिंत जुळवायची, ही संथ पद्धत आजही वापरतात. नातेवाइकांना वाटते, डॉक्टर काहीच करत नाहीत. तसे नसते. (साध्या बेंबीच्या हर्नियाची याच्याशी गल्लत करू नका. तो कातडीने झाकलेला असतो आणि बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बुजतो. त्यावर नाणे बांधल्याने तो लवकर जात नाही, कातडी मात्र चिघळते.)

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. 'लिव्हरचा हर्निया' असे सांगत येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गाठीत यकृत नसतेच. यकृत खराब झाल्यामुळे बेंबी बाहेर आलेली असते. दारूने, किंवा बी आणि सी प्रकारच्या काविळीने यकृत आकसले की पोटात पाणी साठते, दाब वाढतो आणि बेंबीची जागा सैल पडते. असे पाणी झालेल्या रुग्णांत साधारण पाचांतल्या एकाला बेंबीचा हर्निया होतो. कातडी ताणून कागदासारखी पातळ होते आणि कधी एखाद्या जोरदार उबळीने फुटून पोटातले पाणी धो धो वाहू लागते. १९६१ साली फ्लड नावाच्या डॉक्टरांनी याचे वर्णन केले, म्हणून त्याला 'फ्लड सिंड्रोम' म्हणतात. इंग्रजीत फ्लड म्हणजे पूर, आणि नाव डॉक्टरांच्या आडनावावरून पडलेले! अशा वेळी बेंबीवर स्वच्छ कापड ठेवून तडक रुग्णालय गाठायचे. बेंबीवरची कातडी चकाकू लागली, खरचटली, पाणी पाझरू लागले, तर फुटण्याची वाट पाहू नये. इथे आधी पोटातले पाणी आटोक्यात आणावे लागते. दारू थांबवल्याशिवाय नुसती बेंबी शिवून काही साधत नाही.

शेवटी एका वाचक भगिनींच्या पत्रातला प्रश्न. त्या लिहितात, सिझरच्या टाक्यांच्या वरच्या बाजूला फुगवटा आहे, पट्टा वापरते, बरे वाटते, तर आणखी काही करायला हवे का? त्यांची चीर बेंबीखाली आहे, तेव्हा यकृताची काळजी त्यांनी मनातून काढून टाकावी. तिथे बहुधा आतडे किंवा चरबीचा पडदा असतो. पट्ट्याने आधार मिळतो, फट बुजत नाही. ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही त्यांनी आणि ऑपरेशनची वाट पाहणाऱ्यांनी तो जरूर वापरावा, पण सकाळी आडवे असताना, गाठ आत गेलेली असताना बांधावा, आणि रात्री काढावा. बाहेर आलेल्या गाठीवर आवळून बांधलेला पट्टा आतड्याला चिमटा घेतो. पत्रलेखिकेने या महिन्यात सर्जनला पोट दाखवावे आणि सांगितल्यास सोनोग्राफी करावी. पुन्हा मूल हवे असेल तर तेही सांगावे, कारण त्यावर ऑपरेशन कधी करायचे हे ठरते. खर्चाचा प्रश्न असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलाशी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन जावे. आपले ऑपरेशन योजनेत बसते की नाही ते तिथे विचारता येते. जाताना सिझरचे डिस्चार्ज कार्ड बरोबर न्यावे.